गोदाकाकूंची मूळ प्रत

वत्सला सिस्टरनं एका भागात पेशंटच्या ताटातलं लोणचं नुसतं बाजूला सरकवलं, तर पुढच्याच आठवड्यात वडपेठेतल्या दुकानदारांनी लोणच्याच्या बरण्या मागच्या फळीवर टाकल्या. क्षयाच्या गोळ्या मधेच सोडणाऱ्या एका रिक्षावाल्याशी तिनं अबोला धरला, तर तालुक्याच्या दवाखान्यात औषध अर्धवट सोडून गेलेली माणसं मान खाली घालून परत आली. खरं तर वत्सला सिस्टर नावाची बाई जगात नाहीच. ती 'सिस्टर इन्चार्ज' नावाच्या मालिकेत रोज संध्याकाळी दिसते आणि तिच्या तोंडची वाक्यं कोल्हापूरच्या स्टुडिओत बसून शाल्मली मगदूम लिहिते. पण हे वडपेठेत कुणाला सांगून पटलं नसतं. खुद्द शाल्मलीच्या आईलाही ते पुरतं पटलेलं नव्हतं.

"तू लिहितीस ते ठीक आहे," आई म्हणायची, "पण सिस्टर काय तुझं सगळंच ऐकत नसणार. तिला तिचं डोकं आहे की."

आई म्हणजे त्रिशलाबाई. आयुष्यभर कन्याशाळेत शिवण शिकवलं, नवरा गेल्यावर वडपेठेच्या घरात एकट्या राहिल्या आणि लेकीनं कोल्हापूरला बोलावलं की दर वेळी नवी सबब शोधली. त्यांचा दिवस ठरलेला. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शन, सूर्य मावळायच्या आत जेवण, मग 'सिस्टर इन्चार्ज'. दुसऱ्या दिवशी बस्तीतून आल्या आल्या थोरल्या बहिणीला फोन. कुसुमाक्का गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायच्या. काल काय झालं हे दोघींनीही बघितलेलं असायचं, तरी ते एकमेकींना पहिल्यापासून सांगायचं असायचं. त्याशिवाय भाग बघितल्यासारखा वाटायचा नाही.

हल्ली त्रिशलाबाई बस्तीच्या पायऱ्या चढताना मधेच बसायला लागल्या होत्या. शाल्मली त्यांना मिरजेला डॉक्टर नूलकरांकडे घेऊन गेली. हृदयातून सगळ्या शरीराकडे रक्त सोडणारी झडप ताठ झाली होती. दार पुरतं उघडेना, म्हणून हृदय दर ठोक्याला जास्तीचा जोर काढत होतं, आणि असा जोर ते फार दिवस काढू शकणार नव्हतं. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. घडी घातलेली नवी झडप मांडीतल्या रक्तवाहिनीतून वर न्यायची आणि जुनीच्या जागी उघडायची. छाती कापायची गरज नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी. मग त्यांनी मागे वळून मदतनिसाला काहीतरी सांगितलं, त्यानं एक काचेची डबी आणून टेबलावर ठेवली. शाल्मली तेव्हा रिपोर्ट वाचत होती. त्रिशलाबाईंनी डबीतली झडप बघितली आणि म्हणाल्या, "नको."

"का नको?" शाल्मलीनं गाडीत विचारलं, घरी विचारलं, फोनवर विचारलं. म्हणजे तिला तसं वाटत होतं. प्रत्यक्षात ती सांगत होती. किती सोपं आहे, किती जणांचं झालंय, वर्षभर थांबलं तर काय होईल. त्रिशलाबाई ऐकून घ्यायच्या आणि आपली संध्याकाळची गोळी घ्यायला उठायच्या. ती कॅप्सूल त्या आडवी कापायच्या, भुकटी गुळाच्या खड्यावर घेऊन तोंडात टाकायच्या आणि वरचं वेष्टण फेकून द्यायच्या. ते वेष्टण कशापासून करतात देव जाणे, असं त्यांचं म्हणणं. शाल्मली हे लहानपणापासून बघत आली होती, त्यामुळे आता तिला ते दिसतच नव्हतं.

तिला जे दिसत होतं ते वेगळंच होतं. आई लेकीचं ऐकत नाही, डॉक्टरांचं ऐकत नाही, पण वत्सला सिस्टरचं ऐकते. आणि सिस्टर तर आपल्या हातात आहे.

स्टुडिओतल्या यंत्रणेचं नाव 'उंबरा'. ती सांभाळायचा इम्तियाज बागवान. शाल्मलीचा कॉलेजपासूनचा मित्र, बोलायला रोखठोक आणि स्वतःच्या यंत्रावर लेकरासारखी माया असलेला. उंबऱ्यामागचं विज्ञान तो नव्या लेखकांना चहाच्या टपरीवरच समजावून टाकायचा. माणसाच्या चेहऱ्याचा रंग दर ठोक्याला किंचित बदलतो. कातडीखाली रक्ताची लाट येते तेव्हा कातडी प्रकाश थोडा जास्त शोषते, लाट ओसरली की पुन्हा पूर्वीसारखी होते. डोळ्याला हे दिसत नाही, टीव्हीच्या चौकटीतल्या कॅमेऱ्याला दिसतं. त्यावरून नाडी कळते. बाहुली किती मोठी झाली, पापणी कधी लवली यावरून लक्ष कळतं. दोन्ही जोडलं की कळतं, बघणारा या क्षणी सावध आहे की सैल. टीव्ही घेताना या सगळ्याला प्रत्येकानं अंगठा टेकवून परवानगी दिलेली असते. ती वाचलेली कुणीच नसते.

या मोजणीतून एक मजेशीर गोष्ट निघाली होती. मालिकेतला डॉक्टर कॅमेऱ्याकडे तोंड करून उपदेश करायला लागला की घरोघरची माणसं सावध होत. आता आपल्याला काहीतरी शिकवणार, हे त्यांना वासावरून कळे. पण फरशी पुसणारी शांताबाई दुसऱ्या बाईशी जाता जाता दोन शब्द बोलली, तर ते कुणी अडवायला जात नसे. ते आत जाऊन बसत आणि महिन्याभरानं माणसाला स्वतःचंच मत म्हणून सापडत. अशा बोलण्याला स्टुडिओत 'कडेचं वाक्य' म्हणत, आणि कडेची वाक्यं लिहिण्यात शाल्मलीचा हात धरणारं कुणी नव्हतं.

पुढची पायरी सोपी होती. नटांनी चेहरा आणि आवाज यांचे हक्क कंपनीला दिलेले, त्यामुळे स्टुडिओतून फक्त दृश्याचा सांगाडा जाई आणि चित्र ज्या त्या घरच्या टीव्हीतच तयार होई. ज्याला जे कडेचं वाक्य चालेल ते त्याच्या घरी. आरोग्य खात्यानं हे पहिल्यांदा वापरलं तेव्हा गोवराची लस, रक्तदान, क्षयाच्या गोळ्या असं सगळं चांगलंच झालं, आणि त्या चांगल्याचा शाल्मलीला खरोखर अभिमान होता.

"एका सोफ्यावर दोन घरची माणसं बसली तर रे?" तिनं एकदा नुसत्या कुतूहलानं विचारलं होतं.

"यंत्र चेहरे ओळखतं. दोघांचे संदेश जुळत असले तर प्रश्न नाही. उलटसुलट असले तर उंबरा हात वर करतो आणि मूळ प्रत दाखवतो, बिनसंदेशाची," इम्तियाज म्हणाला. "पण तसं होत नाही. संध्याकाळी कुणाच्या घरी कोण जातंय आता?"

लेखकांना एक सवलत असे. आपलं वाक्य कसं लागू पडतं हे बघण्यासाठी एखादं घर 'चाचणी-घर' म्हणून नोंदवता येई आणि त्या घरापुरतं हवं ते लिहिता येई. शाल्मलीनं वडपेठेतलं आपलं घर नोंदवलं. इम्तियाजनं भुवई उंचावली, पण हरकत घेतली नाही.

गोदाकाकू तिनंच जन्माला घातलेल्या. आईच्या वयाची, आईच्याच आजाराची पेशंट. पहिल्यांदा तिनं जे दृश्य लिहिलं त्यात वत्सला सिस्टर खाटेशेजारी बसून चादरींच्या घड्या घालते, गोदाकाकूही नकळत चादरीचं दुसरं टोक धरतात, आणि बऱ्याच वेळानं सिस्टर एकच प्रश्न विचारते. निर्माते जयकर ते वाचून म्हणाले, "छान आहे, पण यात कुणी काही सांगतच नाही. संदेश कुठे ठेवायचा?" त्यामुळे ते दृश्य मूळ प्रतीत जाऊन पडलं. म्हणजे कुणाच्याच घरी गेलं नाही.

आईच्या घरी मात्र शांताबाई फरशी पुसता पुसता म्हणाली, "मांडीतनंच घालतात म्हणे आता. छातीला हातसुद्धा लावत नाहीत. माझी जाऊ चौथ्या दिवशी भाकऱ्या थापायला बसली."

दुसऱ्या दिवशी आलेख बघायला शाल्मली इम्तियाजच्या खोलीत गेली. पडद्यावर आईची नाडी एका बारीक निळ्या रेघेत चालली होती. स्वतःच्या आईचं काळीज असं बाहेरून बघताना तिला क्षणभर चोरट्यासारखं वाटलं. मग कुतूहलानं त्यावर मात केली.

"गंमत बघ," इम्तियाज म्हणाला. "ऑपरेशन म्हटलं, नाडी शांत. भूल म्हटलं, शांत. तुझी आई कशालाच घाबरत नाही. आणि उडी बघ कुठे आहे." त्यानं चित्र थांबवलं. मालिकेतला डॉक्टर डबी उघडून झडप दाखवत होता. "डबीला कोण घाबरतं?"

"नवीन काहीतरी बघून दचकली असेल. डबी काढून टाकते."

"काढ. पण आधी विचारून बघ की त्यांना."

"विचारलंय रे," शाल्मली म्हणाली.

डबी गेली. पुढच्या भागात रेघ सरळ आली आणि शाल्मलीला वाटलं, भीती गेली. मग शांताबाई बोलत राहिली, वॉर्डबॉय बोलला, शेजारच्या खाटेवरची म्हातारी बोलली, आणि एक दिवस त्रिशलाबाईंचा स्वतःहून फोन आला. "घे बाई तारीख. सगळ्यांचं होतंय तर माझं काय वेगळं आहे?"

शाल्मलीला आनंदानं रडू आलं. तिनं लगेच तारीख घेतली. शनिवारी वडपेठेला गेली तर आईनं स्वतःसाठी कोरा चहा गाळलेला.

"दूध संपलं?"

"सोडलंय."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"नाही. माझं मी."

पथ्य सुरू केलं वाटतं, असं समजून शाल्मलीनं आईची पाठ थोपटली. त्रिशलाबाईंनी कप उचलला आणि खिडकीबाहेर बघत कडू तोंडानं तो संपवला.

याच सुमारास वडपेठेत दुसरं वारं सुटलं. गावचं सरकारी रुग्णालय एका खासगी कंपनीला चालवायला द्यायचं की नाही, यावर गावात मतदान ठरलं. देणाऱ्यांच्या बाजूची माणसं जयकरांकडे आली आणि पाठोपाठ न देणाऱ्यांच्या बाजूचीही आली. जयकरांनी दोघांनाही चहा पाजला. मग त्यांनी शाल्मलीला बोलावलं.

"ज्या घरांचा कल देण्याकडे आहे तिथे गोदाकाकू वाचतील. नवी यंत्रं आली म्हणून वाचली, एवढंच कुणीतरी जाता जाता म्हणेल. ज्या घरांचा कल उलटा, तिथे त्या जातील. बिल वाढवायला घाईनं ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं, असं वत्सला सिस्टर डोळे पुसत म्हणेल."

"एकाच बाईला अर्ध्या गावात मारायचं आणि अर्ध्या गावात जगवायचं?"

"घरं वेगळी आहेत ना," जयकर म्हणाले. त्यांना यात काही वावगं दिसत नव्हतं. "आणि आपण कुणाचं मत बदलत नाही. ज्याचं जे आहे ते घट्ट करतो."

शाल्मली चरफडली, आणि लिहून मोकळी झाली. आईच्या घरचा भाग तर आपल्याच हातात आहे, तिथे गोदाकाकू वाचणारच, म्हणून तिनं मनाची समजूत घातली. मरणाचं दृश्य मात्र तिच्याकडून फारच छान उतरलं. ते कुसुमामावशीच्या घरी जाणार आहे, हे तिच्या डोक्यात आलं नाही. ती घरांचा विचार करत होती. फोनचा कुणीच केला नव्हता.

ऑपरेशनच्या तयारीसाठी ती वडपेठेला राहायला आली होती, तेव्हाची सकाळ. त्रिशलाबाई बस्तीतून आल्या, पायरीवर दम खाल्ला आणि फोन स्पीकरवर ठेवून मेथी निवडायला बसल्या. शाल्मली स्वयंपाकघरात होती.

"बिचारी गेली गं," कुसुमाक्का म्हणाल्या.

"कोण?"

"कोण म्हणून काय विचारतीस? गोदाकाकू. मला रात्रभर झोप नाही."

"अक्का, ती घरी गेली. काल अंगणात माझ्यासारखीच मेथी निवडत बसली होती."

"कशाची मेथी? पांढऱ्या चादरीत गुंडाळून नेली तिला. सिस्टर भिंतीला टेकून रडली."

"तू दुसरंच काहीतरी लावलं असशील."

"वत्सला सिस्टर दुसऱ्या कुठल्या मालिकेत येते, सांग मला." कुसुमाक्कांचा आवाज चढला. "बिलापायी घाईनं नेली, असं म्हणाली ती. आणि तू त्याच ऑपरेशनला निघालीस. म्हणून तर मी घाबरलोय."

"सिस्टर म्हणाली, नवी यंत्रं आली म्हणून वाचली."

मेथीची काडी त्रिशलाबाईंच्या बोटांत तशीच राहिली. सिस्टर खोटं बोलत नाही, यावर दोघींचं एकमत होतं. आणि ती दोन्हीकडे दोन बोलत होती.

"आज संध्याकाळी मी तुझ्याकडं येतो," कुसुमाक्का अखेर म्हणाल्या. "एकाच टीव्हीवर बघू. मग कळेल कुणाला भास होतोय ते."

शाल्मलीनं मागच्या अंगणात जाऊन इम्तियाजला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं आणि आधी हसला, मग गंभीर झाला. "दोघींचे संदेश उलटे आहेत. उंबरा मूळ प्रत दाखवणार. ती तुझ्या त्या चादरींच्या दृश्यावरच थांबलीय. त्यात गोदाकाकू अजून खाटेवरच आहेत, काही ठरलेलं नाही." मग तो म्हणाला, "हवं तर मावशींचा चेहरा ओळखू नको असं सांगतो यंत्राला. तुझी मेथीवालीच दिसेल."

ऑपरेशन तीन दिवसांवर होतं. हो म्हणणं शहाणपणाचं होतं. आईचा होकार किती कष्टानं आणलेला, आणि मूळ प्रतीत तो टिकवायला कुणीच नव्हतं. पण चादरींच्या घड्यांचं ते दृश्य अजून एकाही माणसानं बघितलेलं नव्हतं. बघितल्यावर काय होतं, हे तिला जाणून घ्यायचं होतं. त्याहून खरं म्हणजे आईच्या घरी आणखी एक खोटं पाठवायचा तिला अचानक कंटाळा आला होता.

"नको," ती म्हणाली. "जे दिसेल ते दिसू दे."

संध्याकाळी कुसुमाक्का पिशवी घेऊन आल्या. दोघी बहिणी सोफ्यावर बसल्या, शाल्मली खाली सतरंजीवर. पडद्यावर एक क्षण धूसर झालं, जसं पुस्तकाचं पान उलटताना होतं, आणि वॉर्ड दिसायला लागला.

"ही काय," कुसुमाक्का म्हणाल्या. "जिवंत आहे."

"आणि घरीही गेली नाही," त्रिशलाबाई म्हणाल्या.

वत्सला सिस्टर खाटेशेजारी बसली होती. ढिगातली एकेक चादर उचलून घडी घालत होती. काही बोलत नव्हती. गोदाकाकूंनी एका चादरीचं टोक धरलं. मग दुसरीचं. कुणी फरशी पुसत नव्हतं, कडेनं कुणी काही म्हणत नव्हतं. शाल्मलीला वाटलं, आता या दोघी कंटाळणार. तिनं वळून बघितलं तर दोघी पडद्याकडे झुकून बसल्या होत्या.

"काकू," सिस्टर शेवटी म्हणाली, "तुम्हाला नेमकं काय नको वाटतंय?"

गोदाकाकूंनी चादरीचं टोक हातात धरून ठेवलं आणि तिथेच भाग संपला.

खोलीत कुणी दिवा लावायला उठलं नाही. कुसुमाक्कांनी धाकट्या बहिणीकडे बघितलं. सिस्टरनं विचारलं होतं त्याच सुरात त्यांनी विचारलं, "तुला गं त्रिशा? तुला काय नको वाटतंय?"

त्रिशलाबाईंनी पदराचं टोक दुमडायला घेतलं. "ती झडप गाईची आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टर त्या मुलाला हळूच म्हणाले, गाईचीच डबी आण. मी ऐकलं. गाईच्या काळजाचं कातडं आहे ते. आयुष्यभर मुंगीला जपलं आणि आता ते आत शिवून घ्यायचं. तरी म्हटलं, सगळे घेतात, सिस्टर सांगते, शांताबाई सांगते, आपणच हटवादी असू. म्हणून हो म्हणाले." त्यांचा आवाज बारीक झाला. "पण मग तिचंच दूध कुठल्या तोंडानं प्यायचं?"

शाल्मलीच्या डोळ्यांसमोरून सगळं एकदम गेलं. कापलेली कॅप्सूल, कोरा चहा, आलेखातली उडी. यंत्रानं बोट दाखवलं होतं, इम्तियाजनं दाखवलं होतं, आणि तिनं डबी काढून टाकली होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की आईकडे वर बघवेना. तिथेच सतरंजीवर बसून तिनं चाचणी-घर, शांताबाईची जाऊ, मेथी, सगळं सांगून टाकलं.

कुसुमाक्कांनी तोंडाला पदर लावला. त्रिशलाबाई मात्र शांतपणे ऐकत होत्या.

"म्हणजे ती फरशी पुसणारी तूच होय?"

"हो."

"इतके दिवस टीव्हीच्या तोंडून बोलत होतीस. तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

शाल्मलीनं आईच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. आईनं ते बाजूला सारलं नाही, पण हातही फिरवला नाही. त्या लगेच विरघळणाऱ्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिघी मिरजेला गेल्या. या वेळी शाल्मली गप्प बसली. त्रिशलाबाईंनीच सांगितलं.

डॉक्टर नूलकरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही सांगत होता."

डॉक्टर ओशाळं हसले आणि मग नीट बोलले. मांडीतून घालायची झडप जनावराच्या ऊतींचीच असते. दुसरी कार्बनची मिळते, पण तिच्यासाठी छाती उघडावी लागेल, दुखणं जास्त, जोखीम जास्त, रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर. या वयात ते सहसा ती सुचवत नाहीत. आणि खरं सांगायचं तर तिच्या शस्त्रक्रियेतही एक इंजेक्शन जनावरापासून काढलेलं लागतं.

त्रिशलाबाईंनी डोळे मिटून विचार केला. "इंजेक्शन येतं आणि जातं. त्याचं प्रायश्चित्त घेता येईल," त्या म्हणाल्या. "जन्मभर आत राहणार ते माझ्या मनाला पटणारं पाहिजे. छाती उघडा."

छातीला हातसुद्धा लावत नाहीत, हे वाक्य शाल्मलीनं किती रंगवून लिहिलं होतं. ते ज्या भीतीसाठी लिहिलं ती भीती या बाईला कधी नव्हतीच.

इकडे कुसुमाक्का गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. बस्तीत, भाजीबाजारात, गिरणीत दळपाच्या रांगेत त्यांनी बायकांना सांगितलं की आपापल्या घरी बघू नका, उलट मताच्या घरी जाऊन बघा, मग सिस्टर खरं बोलते. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं, असं सुरू झालं. ज्यांच्यात वर्षानुवर्षं येणंजाणं नव्हतं त्या एका सोफ्यावर बसायला लागल्या, आणि भाग संपला की रुग्णालयाबद्दल तोंडावर भांडायला लागल्या. "वडपेठेत एवढे पाहुणे कुठून आले?" जयकर इम्तियाजला विचारत राहिले. मतदान झालं, निकाल थोड्याच मतांच्या फरकानं लागला, आणि ज्यांची बाजू हरली त्यांनीही तो आपसांत भांडून लागला म्हणून मानला.

शाल्मलीनं चाचणी-घराची नोंद स्वतःच पुसली आणि जयकरांना कारणही सांगितलं. यापुढे फक्त मूळ प्रत लिहीन, असंही म्हणाली. "मूळ प्रतीला प्रायोजक नसतो," जयकर म्हणाले. तेव्हापासून ती वडपेठेतच होती. पुढे काय, हे ठरलं नव्हतं.

त्रिशलाबाईंचं ऑपरेशन लांबलं, दुखलं खूप, एकदा तर डॉक्टरांचाही चेहरा उतरला होता. पण त्या घरी आल्या. पहिल्याच संध्याकाळी कुसुमाक्का येऊन बसल्या. टीव्ही बंद होता, आणि त्या शांततेत खोलीत कुठूनतरी बारीक टिकटिक ऐकू यायला लागली. शाल्मलीनं भिंतीकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं.

"मीच आहे ती," त्रिशलाबाई म्हणाल्या. "कार्बनची वाजते. डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"बरं झालं," कुसुमाक्का म्हणाल्या. "आता फोनवर तू गप्प बसलीस तरी कळेल, आहेस म्हणून."

शाल्मली आईच्या जवळ सरकून बसली. ना कॅमेरा, ना निळी रेघ. नुसतं कान देऊन आईचं काळीज ऐकताना तिला आता चोरट्यासारखं वाटलं नाही. "आई," तिनं विचारलं, "काही हवंय तुला?"

विचारून ती थांबली. पुढचं वाक्य तिनं जोडलं नाही. आईनं तिच्याकडे बघितलं आणि हळूच तिच्या केसांवरून हात फिरवला.

"अजून दिवस मावळला नाही. चहा ठेव," त्रिशलाबाई म्हणाल्या. "आणि दूध घाल."